गोदामातून बाहेर आलेली विजेची गाडी: एगर-लोनर, १८९८

रानवारा

२६ जून १८९८ रोजी व्हिएन्नाच्या रस्त्यावर एक बिनघोड्याची बग्गी धावली. विजेवर. तिचं नाव एगर-लोनर सी.२ फेटन. पुढे १९०२ मध्ये ती ऑस्ट्रियातल्या एका गोदामात गेली आणि तिथेच राहिली. दोन महायुद्धं झाली, ती जिथे धावली त्या राजधानीचं साम्राज्य गेलं, गाडी जागची हलली नाही. शंभरावर वर्षांनी ती उजेडात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये श्टुटगार्टच्या पोर्शे म्युझियमने आपल्या पाचव्या वाढदिवसाच्या निमित्ताने ती लोकांसमोर मांडली. म्युझियम तिला 'पी १' म्हणतं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, फर्डिनांड पोर्शेने तिच्या महत्त्वाच्या भागांवर 'पी १' असा ठसा मारला होता: पी म्हणजे पोर्शे, १ म्हणजे पहिली.

मी श्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे गाडी निवांत पाहता आली. तिच्याबद्दल जे लेख वाचले ते बहुतेक 'पहिली पोर्शे' एवढं सांगून थांबतात, म्हणून हा धागा.

पोर्शे तेव्हा बावीस वर्षांचा होता. जन्म १८७५ चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावचा. वडिलांचा पत्र्याच्या कामाचा धंदा. मुलाने तोच पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा, आणि मुलाचं सगळं लक्ष विजेत. अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला बेला एगर यांच्या विद्युत कारखान्यात लागला. इकडे लुडविग लोनर यांचा बग्ग्यांचा कारखाना, थेट राजदरबाराला गाड्या पुरवणारा. घोड्यांचे दिवस भरत आले आहेत हे लोनरनी वेळीच ओळखलं होतं. सांगाडा, चाकं आणि बैठक लोनरकडची, वीज एगरकडची, अशी ही जोडी जमली.

आता गाडीकडे येतो. सांगाडा लाकडी, चाकंही लाकडी. मागच्या आसाशी आठकोनी मोटर, वजन १३० किलो. ताकद ३ अश्वशक्ती, थोडा वेळ ताणली तर ५. मोटर आणि आस यांच्यामध्ये एकच गिअर, प्रमाण १:६.५. वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत. बॅटरी ४४ सेलची, शिशाची, एकट्या बॅटरीचं वजन ५०० किलो. सगळी गाडी १३५० किलोची, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वजन बॅटरीचं. एका चार्जिंगमध्ये साधारण ८० किलोमीटर. वेग बदलायला १२ टप्प्यांचा कंट्रोलर. वरची बॉडी बदलता यायची: उन्हाळ्यात उघडी फेटन, हिवाळ्यात बंद कूपे. हे शेवटचं मला फार आवडलं. बग्ग्या बांधणाऱ्यांच्या डोक्यातूनच येऊ शकेल अशी ती सोय आहे.

गाडी सापडली तेव्हा पुरी नव्हती. म्युझियमने हरवलेले भाग नवे बनवून चिकटवले नाहीत. जे होतं ते तसंच ठेवलं आणि जे नाही त्याची जागा पारदर्शक आकारांनी दाखवली. समोर उभं राहिलं की क्षणात कळतं, हे १८९८ चं आणि हे आजचं. काळं पडलेलं लाकूड, त्यात रुतलेले लोखंडी बोल्ट, आणि मधे ती गच्च, गडद मोटर. मला वाटतं म्युझियमने घेतलेला सर्वांत चांगला निर्णय हाच. याच म्युझियममध्ये पोर्शेच्या 'सेम्पर व्हिवुस' या १९०० च्या संकरित (पेट्रोल आणि वीज दोन्हींच्या) गाडीची प्रतिकृतीही आहे. २०११ मध्ये नव्याने बांधलेली, चालणारी, देखणी. दोन्ही पाहिल्या. प्रतिकृतीतून यंत्र कसं चालायचं ते कळतं. पण कोणत्या कारागिराचा हात कुठे फिरला, कुठे घासलं, कुठे तडा गेला हे फक्त जुनी गाडी सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही गाडी 'पोर्शेची' म्हणून पाहण्याआधी एगर आणि लोनर या दोन कारखान्यांची म्हणून पाहावी. बोलूया.

निळाई

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. एक शंका: घरोघरी वीज नव्हती त्या काळात ही गाडी चार्ज कुठे करत?

इन्व्हर्टरवाला

बॅटरीवर मी बोलतो, रोजचं काम आहे.

४४ सेल, प्रत्येकी २ व्होल्ट, म्हणजे ८८. ढोबळ ९० व्होल्ट धरा. क्षमता १२० अँपिअर-तास अशी दिली जाते. गुणाकार केला की जवळपास १०.८ युनिट वीज. ५०० किलोत १०.८ युनिट, म्हणजे किलोमागे २१-२२ वॉट-तास. आज आपल्याकडे घरोघरी जी १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी असते, ती १.८ युनिटची आणि पाणी धरून ५५-६० किलोची. किलोमागे तीसच्या आसपास. सव्वाशे वर्षांत शिशाच्या बॅटरीने एवढीच मजल मारली! गाड्यांतली खरी उडी लिथियमने मारली, शिशाने नाही.

दुसरी गोष्ट. १०.८ युनिटमध्ये ८० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला १३५ वॉट-तास. आजची लहान इलेक्ट्रिक कारही साधारण एवढीच वीज खाते. अर्थात आजची कार ऐंशी-शंभरच्या वेगाने, एसी लावून जाते आणि ही पंचवीसने जायची, तेव्हा थेट तुलना नको. तरी लाकडी चाकांच्या साडेतेराशे किलोच्या गाडीसाठी हा आकडा वाईट नाही. मोटर आणि गिअरमध्ये फार वीज वाया जात नसणार.

रानवारा

@इन्व्हर्टरवाला, हिशोबाबद्दल मनापासून धन्यवाद. याला दुजोरा देणारी एक घटना आहे. २८ सप्टेंबर १८९९ रोजी बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात विजेच्या गाड्यांची ४० किलोमीटरची शर्यत झाली. पोर्शेने हीच गाडी चालवली, सोबत तीन प्रवासी. दुसरी गाडी पोचली ती हिच्यानंतर १८ मिनिटांनी. निम्म्याहून जास्त गाड्या तर शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत. त्याच स्पर्धेत वीज कोण कमी खातं याचीही चाचणी होती आणि शहरातल्या रहदारीत सर्वांत कमी वीज याच गाडीने वापरली.

१८ मिनिटं पुन्हा वाचा. ४० किलोमीटरमध्ये १८ मिनिटांचं अंतर. मला यात वेगापेक्षा भरवसा जास्त दिसतो. बाकीच्यांच्या गाड्या वाटेत थांबत होत्या, ही थांबली नाही.

मोटरमन_निवृत्त

१२ टप्प्यांच्या कंट्रोलरबद्दल दोन शब्द. मी मुंबईच्या लोकलवर आयुष्य काढलं, डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) गाड्यांच्या जमान्यात. आमच्याकडे नॉच म्हणत. पहिल्या नॉचला मोटरी सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेल्या), मधे रेझिस्टन्स; हँडल पुढे सरकवत नेलं की एकेक रेझिस्टन्स बाहेर पडतो, मग मोटरी पॅरललमध्ये (प्रत्येक स्वतंत्र जोडलेली) येतात. घाई केली तर गाडी हिसका देते आणि ठिणग्या उडतात. एकाच नॉचवर रेंगाळलं तर रेझिस्टन्स तापून लाल होतो. आज हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, चालवणाऱ्याला पत्ताही नसतो.

ट्रामगाड्यांतही कंट्रोलर याच कुळातला. आपल्या मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली. व्हिएन्नातल्या त्या मुलाने हातात घेतलेलं हँडल आणि मी धरलेलं हँडल एका जातीचं होतं हे वाचून अंगावर रोमांच आले. रानवारा, गाडीवर कंट्रोलर शिल्लक आहे का?

रानवारा

नाही काका, चालवण्याची सामग्री गेलेली आहे आणि बैठकही. सांगाडा, चाकं, आस आणि मोटर हे मुख्य. तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे, तो टप्पा नेमका कसा चालतो हे मला आतापर्यंत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

सुतारपक्षी

माझे आजोबा गावात गाड्यांचं काम करत. बैलगाडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरचे लाकडी पाटे आणि वरून लोखंडी धाव. धाव तापवून फुगवायची, पाट्यांवर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आकसते आणि सगळं चाक आवळून घेते. युरोपातल्या बग्ग्यांच्या चाकांची बांधणीही याच तत्त्वाची. मग लाकूड वाळत गेलं की आरे ढिले होतात, चाक करकरतं. आपल्याकडे तेव्हा गाडी नदीत उभी करत, लाकूड पाणी पिऊन फुगावं म्हणून.

शंभर वर्षं कोरड्या गोदामात पडलेलं लाकूड आतून किती हललं असेल याचा विचार करा. अशा गाडीला लोकांच्या हौसेखातर पुन्हा रस्त्यावर आणायचं म्हटलं तर चाकं नवी, आस नवा, सांगाड्याला आतून लोखंडी पट्ट्या. मग उरलं काय? म्युझियमला पूर्ण पाठिंबा. लाकडाला हवेतला दमटपणा एकसारखा मिळाला पाहिजे, बाकी हात लावू नका.

जुनी_चाकं

मी थोडा विरोधी सूर लावतो. मुंबईत आम्ही काही मंडळी जुन्या मोटारी दुरुस्त करतो, रॅलीत चालवतो. उभी राहिलेली गाडी मरते. इंजिनाचा आवाज, तेलाचा वास, चढावर तिचं दमणं हे सगळं काचेपलीकडून कळत नाही. पोरं रॅलीत गाडीला हात लावतात तेव्हा त्यांच्यातली दोन-चार पुढे मेकॅनिक होतात, हे मी पाहिलंय. एकच नग आहे म्हणून या गाडीला सूट देतो, पण सरसकट 'हात लावू नका' हे धोरण मला पटत नाही.

सुतारपक्षी

@जुनी_चाकं, ज्या मॉडेलच्या शेकडो गाड्या शिल्लक आहेत त्या खुशाल चालवा, चालवल्याच पाहिजेत. वाद एकुलत्या एक वस्तूचा आहे.

रिवाइंडर_इचलकरंजी

मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटरी रोज हाताखालून जातात, जुन्या डीसी मोटरीही आल्या आहेत. म्हणून विनंती: कुणीही कितीही आग्रह केला तरी या मोटरला करंट देऊ नका. त्या काळी तारेवर कापसाचा दोरा गुंडाळत आणि वरून लाखेचं वार्निश. शंभर वर्षांत त्याचा भुगा होतो. बोट लावलं तरी गळतो. पाचशे व्होल्टचा मेगर (तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते पाहायचं यंत्र) लावून तपासायलाही मी धजावणार नाही, तेवढ्यानेच एखादी जागा फुटेल.

पण न चालवता मोटर खूप बोलते. कम्युटेटरवर (फिरत्या भागावरचं तांब्याचं कडं, त्यावर घासणाऱ्या ब्रशमधून वीज आत जाते) ब्रशची चाकोरी किती खोल गेली ते बघा, गाडी किती चालली याचा अंदाज येतो. चाकोरी एकसारखी असेल तर मोटर निरोगी होती. मधेच काळे डाग असतील तर तिथली कॉइल दुखत होती. कॉइलची टोकं कम्युटेटरला डाख देऊन जोडतात. एखाद्या ठिकाणचा डाख वेगळ्या हाताचा वाटला तर मधे दुरुस्ती झाली. स्लॉट किती, तार किती जाड, हे मोजून ती मोटर बांधणाऱ्याचा हिशोब मांडता येतो. मालकाचं नाव वर पाटीवर असतं, बांधणाऱ्याचं आत. माझ्या कारागिरांनी बांधलेली मोटर दहा मोटरींत ठेवा, कुणी बांधली ते मी टोकं बघून सांगेन.

रानवारा

@रिवाइंडर_इचलकरंजी, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार. धाग्यात जे म्हणायचं होतं ते तुम्ही तुमच्या कामातून सिद्ध करून दिलंत. १३० किलोची मोटर बावीस वर्षांच्या एकट्या पोराने गुंडाळलेली नाही. एगरच्या कारखान्यात तार ओढणारे, कॉइल बसवणारे, तपासणारे लोक होते. लोनरकडे पिढ्यान्‌पिढ्या बग्ग्या बांधणारे सुतार-लोहार होते. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

कागदपत्रं

मूळ धाग्यातल्या 'पी १' बद्दल. धातूवरचा ठसा कधी मारला हे ठसा स्वतः सांगत नाही. अभिलेखागारात काम केल्यामुळे माझी ही सवयच आहे: वस्तूवरचं चिन्ह आणि त्या काळचा कागद एकमेकांना दुजोरा देतात का, ते पाहायचं. कारखान्याची मागणी-नोंद, शर्यतीतली प्रवेश-नोंद, आराखडे, पेटंट. शिवाय पोर्शेच्या नावाने कार कंपनी पुढे फार उशिरा झाली. त्याचं स्वतःचं तांत्रिक कार्यालय १९३१ चं आणि 'पोर्शे' नावाची पहिली कार ३५६, ती १९४८ ची. मधल्या पन्नास वर्षांवरून उडी मारून १८९८ च्या गाडीला 'पहिली पोर्शे' म्हणणं कंपनीला सोयीचं आहे. इतिहासाने तिला तिच्या वेळच्या नावाने हाक मारावी: एगर-लोनर सी.२.

रानवारा

पूर्ण सहमत. म्हणूनच शीर्षकात तेच नाव घेतलं. पोर्शेचं श्रेय नाकारायचं नाही, तो त्या मोटरवर काम करत होता आणि बर्लिनला गाडी त्यानेच चालवली. त्याची स्वतःची झेप मला खरी दिसते ती पुढच्या गाडीत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोनर-पोर्शे गाडी आली. तिच्यात मोटरी थेट पुढच्या चाकांच्या तुंब्यात होत्या (सुतारपक्षींचा शब्द उचलला). साखळी नाही, गिअर नाही, आस फिरवायची गरज नाही. चाक स्वतःच मोटर. ही कल्पना इतकी टिकाऊ निघाली की अपोलो १५ ने १९७१ मध्ये चंद्रावर नेलेल्या बग्गीतही प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर होती.

मग बॅटरीचं वजन त्याला नडायला लागलं. त्यावर उपाय म्हणून सेम्पर व्हिवुस: पेट्रोलच्या इंजिनावर डायनॅमो फिरवायचा, त्या विजेवर चाकातल्या मोटरी. आज ज्याला सिरीज हायब्रिड म्हणतात ते हेच.

वैशाख

याच कल्पनेचा पुढचा प्रवास सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत तांत्रिक प्रमुख झाला. पहिल्या महायुद्धात त्याच पेट्रोल-विजेच्या पद्धतीने त्याने मोठ्या तोफा ओढणाऱ्या रस्त्यावरच्या आगगाड्या बनवल्या. दुसऱ्या महायुद्धात टायगर रणगाड्यासाठी त्याने दिलेल्या आराखड्यातही इंजिन जनरेटर फिरवत होतं आणि विजेच्या मोटरी पट्टे. तो आराखडा नाकारला गेला, पण तयार झालेल्या सांगाड्यांवर जड रणगाडाविरोधी तोफगाडा बांधला आणि त्याला नाव दिलं फर्डिनांड.

१९३७ मध्ये तो नाझी पक्षात गेला. फोक्सवागनचा कारखाना युद्धकाळात हजारो वेठबिगारांच्या आणि छळछावण्यांतून आणलेल्या कैद्यांच्या श्रमावर चालला, आणि त्या कारखान्याच्या प्रमुखांत तो होता. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली, १९४७ मध्ये सोडलं. १९५१ मध्ये तो गेला. १८९८ चा हुशार पोरगा आणि हा माणूस एकच. गाडीचं कौतुक मीही करतो, पण कारागिरांची नावं पुसली गेली म्हणून हळहळताना त्या कैद्यांचीही आठवण इथे नोंदवली गेली पाहिजे.

रानवारा

@वैशाख, नोंद केल्याबद्दल आभार. हे मूळ लेखातच हवं असं वाचताना वाटलं. संपादन करून तुमच्या प्रतिसादाचा उल्लेख वर टाकतो.

निळाई

सगळे प्रतिसाद सलग वाचले. फार वेगळं कळलं. माझी चार्जिंगची शंका मात्र राहिली. आणि इतकी चांगली चालत होती तर विजेची गाडी मागे का पडली?

इन्व्हर्टरवाला

निळाई ताई, चार्जिंगचं सांगतो. त्या काळी बऱ्याच शहरांत दिव्यांसाठी डीसी पुरवठा होता आणि बॅटरीला डीसीच लागते, त्यामुळे मधे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं यंत्र) नको. ज्याच्या तबेल्यात वीज पोचली त्याने तिथे, नाहीतर कंपनीच्या डेपोत. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या टॅक्सी होत्या आणि त्या डेपोत येऊन रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवून घेत. आज रिक्षा-स्कूटरवाले बॅटरी बदलून घेतात, तसंच.

मागे पडण्याचं कारण एक नाही. पेट्रोल गाडी हँडल मारून चालू करावी लागे, हँडलने उलटा झटका दिला की मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि ती भीती गेली. फोर्डने किंमत पाडली. शहराबाहेर रस्ते झाले, तिथे पेट्रोल डब्यात नेता येई, वीज नेता येत नव्हती. बॅटरी जिथल्या तिथे राहिली. गंमत बघा, विजेच्या गाडीला मागे टाकायला पेट्रोल गाडीने आधी स्वतःत एक बॅटरी आणि एक मोटर बसवून घेतली.

मोटरमन_निवृत्त

शेवटचं वाक्य अगदी खरं.

रानवारा, व्हिएन्नाला जाणं झालं तर तिथल्या तांत्रिक संग्रहालयात लोनर-पोर्शे आहे असं वाचलंय. तिचा कंट्रोलर नीट बघून या. हँडल कोणत्या बाजूला, खुणा कशा केल्यात, शून्यावर खटका आहे का, एवढं तरी.

रिवाइंडर_इचलकरंजी

आणि जमलं तर कम्युटेटरचा जवळून एक फोटो. फ्लॅश न मारता, तिरक्या उजेडात. चाकोरी दिसली पाहिजे.